शटरखालून गेलेली पँट

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकता आलं तेवढाच.) आम्ही सगळे ठीक. तुमची तब्येत कशी आहे हे तिसऱ्यांदा विचारतो आहे, कारण आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि फोन तुम्ही उचलत नाही. मामींना जाऊन चार महिने होतील. शेजारच्या काकू सांगत होत्या, की तुम्ही दार उघडत नाही आणि ठेवलेला डबा तसाच परत न्यावा लागतो. काकू वाढवूनही सांगत असतील. असो. लिहायचं आहे ते माझ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल. पोलीस मुख्यालयात तुम्ही तीस वर्षं हेडक्लार्क होता, बदल्यांचे सगळे कागद तुमच्या लाल पेन्सिलीखालून गेले, म्हणून तुम्हाला नाही तर सांगू कुणाला?

झालं असं, की पोलीस खातं आणि मानसिक आरोग्य केंद्र यांनी हातमिळवणी केली. कुणी घरात कोंडून घेतलं, कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करू लागलं, की एक पोलीस आणि एक समुपदेशक अशा जोडीने जायचं. पोलिसांतून माझी निवड झाली. (निवड कसली, त्या दिवशी मी रजेवर होतो.) समुपदेशक म्हणजे एक बाई, वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या, आणि नियम ऐकाल तर हात टेकाल. काठी गाडीत ठेवायची. दार धडाधडा न ठोकता हलकेच वाजवायचं. 'उघडा' हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. मामा, सव्वीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी मी 'उघडा' म्हणण्यात घालवली. मग मी करायचं काय, तर पायरीवर बसायचं. बसून काय करायचं असं विचारलं, तर म्हणाल्या, बसायचंच.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी एका शिंप्याच्या मुलाचा फोन आला. त्याने बापाला न विचारता दुकान बंद करायचं ठरवलं होतं, आणि म्हातारा शटर ओढून आत बसला होता. जवळ मोठी कात्री, आणि आता माझा कुणाला काही उपयोग नाही, एवढंच घोकत होता. शटर खाली वीतभर उघडं राहिलं होतं. मी ते पहारीने पाच मिनिटांत उचकटलं असतं. (आणि त्या पाच मिनिटांत आत काय झालं असतं, असं बाईंनी विचारलं.) बाई खाली फरशीवर बसल्या आणि काजं हाताने करायची की मशीनवर, असल्या गप्पा शटरशी मारू लागल्या. आत चिडीचूप. पाऊण तास हे चाललं. अख्खी गल्ली बघत होती, माझी कंबर बोंबलत होती, बसवेना म्हणून मी शटरपाशी येऊन उभा राहिलो. तेव्हा आतून पहिला आवाज आला.

"त्या पोलिसाच्या पँटची शिलाई उसवली आहे."

उजव्या पायाची दुमड आठवडाभर लोंबत होती, हे खरं. पण माणसाने अशा वेळी स्वतःचं बघावं की माझ्या पँटचं? बाईंनी मात्र लगेच विचारलं, नीट होईल का. उत्तर आलं, होईल, पण अंगावर असताना नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामा, पुढचं लिहायला लाज वाटते. समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं कापड दिलं (त्यावर कुणाचे तरी केस होते, ते अजून टोचतात) आणि सरकारी पँट शटरखालून आत गेली.

वीस मिनिटं मशीन चाललं. मग इस्त्रीचा वास आला. पँट शटरखालून परत द्या म्हटलं, तर म्हणाला, चुरगळेल. आणि त्याने आपल्या हाताने शटर वर केलं, दोन्ही हातांवर पँट घेऊन बाहेर आला. कात्री आत टेबलावरच राहिली. मुलगा बापाच्या गळ्यात पडून रडला. मलाही भरून आलं, पण न्हाव्याच्या कापडात उभ्या माणसाने रडावं तरी कसं? आता शिंपी केंद्रात नियमित येतो. बाईंनी अहवालात लिहिलं, 'पोलिसांचं पूर्ण सहकार्य मिळालं.' सव्वीस वर्षांत माझ्याबद्दल कुणी लिहिलेलं एवढंच काय ते चांगलं, आणि तेही पँटमुळे. ठाण्यात पोरंटोरं माझे पाय बघून हसतात. अशा ठिकाणी माणसाने अब्रूने नोकरी करायची कशी? माझी बदली झालीच पाहिजे.

तुमचा गांजलेला भाचा

ता. क. बदलीचा अर्ज लिहिला आहे. विषय घालायचा राहिला, तारीख मधेच आली, सही समासात गेली. साहेब म्हणाले, चालेल. असला कागद तुम्हाला चालतो का, ते तुम्हीच बघा. गुरुवारी अकराला येऊन दाराखालून सरकवीन. सोबत लाल पेन्सीलही.

आणखी एक. अर्ज सुधारला तरी मुख्यालयात धाडू नका. बदली मला नको आहे.

शेवटचं. बाईही येणार आहेत. काठी आणत नाही, आणि तो शब्दही म्हणणार नाही. आम्ही पायरीवर बसून राहू, तुम्ही सावकाश सुधारा. फक्त झालेला अर्ज दाराखालून देऊ नका मामा, चुरगळेल.