ती मशीन न्यायला येईल तेव्हा

२ फेब्रुवारी

सौ. आज धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. हवापालट. दोन बॅगा, शिवणाचा डबा आणि उशी. हवापालटाला उशी कशाला, ते मी विचारलं नाही. तिला मानेचा त्रास आहे.

भांडण वगैरे काही नाही. आमच्यात भांडण झालेलंच नाही कधी. मी गीझरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे, बावीस वर्षं. लोकांचं ऐकून घेण्याचाच पगार मिळतो मला. घरात तक्रार असती तर सगळ्यात आधी मला कळली असती.

दारातून म्हणाली, बाकी काही नको, स्की मशीन तेवढं नंतर घेऊन जाईन. म्हणजे परत येणार आहे. तिच्याच तोंडचं वाक्य.

४ फेब्रुवारी

मशीन मागच्या खोलीत आहे. एक जिम बंद पडली तेव्हा सौ.नं जुनंच घेतलं होतं. दोन लाकडी फळ्या, त्यांवर पाय ठेवून मागेपुढे घसरायचं. दोन्ही हातांत दोरीची टोकं. पोटापुढे टेकायला गोल गादी. बर्फावरून चालत गेल्याचा व्यायाम, घरातल्या घरात. आम्ही दोघांनी बर्फ पाहिलाय तो फ्रीजरमध्ये. तरी रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ही तासभर त्यावर. दार लोटून.

संकल्प: ती मशीन न्यायला येईल तेव्हा मी त्यावर असेन. ताठ, घामाघूम, अचूक टेक्निक. तिला वाटेल, या माणसाला आपण ओळखलंच नाही. मग कसलं मशीन नेते.

६ फेब्रुवारी, सकाळी

सुरुवात केली. डावा पाय मागे गेला. उजवाही मागे गेला. मी पुढे. अक्षरशः तोंडघशी पडलो. जीभ चावली.

मशीन जुनं आहे, त्यामुळे असेल.

७ फेब्रुवारी

दोष सापडला. गादी माझ्या मांड्यांशी येते. ती सौ.च्या उंचीला लावलेली आहे. बाजूची खिट्टी सैल केली की वर करता येते. पण करणार नाही. ती येईल तेव्हा तिची गादी तिला जिथल्या तिथे मिळाली पाहिजे. माझं काय, मी वाकेन.

११ फेब्रुवारी

व्हिडिओ पाहिले. मुद्दे लिहून ठेवतो.

पाय सरपटवायचा नाही, मागे ढकलायचा. सगळं काम मागे ढकलण्यात आहे, पुढे येणारा पाय नुसता येतो. ढकलताना ढुंगणाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू, शेवटी पोटरी, टाच उचललेली. उजवा पाय मागे जाईल तेव्हा डावा हात मागे. दोरी मनगटानं ओढायची नाही, पाठीच्या रुंद स्नायूंनी खाली आणायची आणि दंडाच्या मागच्या स्नायूनं कमरेच्या मागे न्यायची. पोट आवळलेलं. गादीला टेकायचं, गादीवर रेलायचं नाही. नजर समोर.

सोपं आहे. आठवड्यात बसेल.

१४ फेब्रुवारी

उजवा पाय, उजवा हात. डावा पाय, डावा हात. किती ठरवलं तरी तेच. मग विचार केला की पाय कसे जातात. विचार केल्यावर चालताही येईना. ऑफिसच्या जिन्यात दोनदा थांबलो. समोरच्या टेबलावरचा म्हणाला, काय हो, काही हरवलंय का. म्हटलं, नाही.

संध्याकाळी सौ.चा फोन. स्वतःहून! म्हणाली, रविवारी साडू मोठी गाडी काढतायत, मशीन न्यायला येते. साडूंची गाडी कुणाच्याही कामाला यायला टपलेलीच असते. या रविवारी येऊन उपयोग काय? ती मला असं बघणार? म्हटलं, फळीखालचा एक रोलर अडकतोय, दुरुस्तीला माणूस बोलावलाय, मग कळवतो. ती म्हणाली, बरं.

विचार करता करता लक्षात आलं की ती यायला निघाली होती आणि मीच तिला थांबवलं. पण तयारीशिवाय कशात हात घालू नये. बरोबरच केलं.

१८ फेब्रुवारी

पाठ धरली. बूट घालता येत नाहीत. फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. वयानं लहान, बोटं लोखंडाची. काय करता ते दाखवा म्हणाल्या. त्यांच्या टेबलाला मांड्या लावून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही कमरेतून मोडून उभे राहताय, म्हणून ढुंगणाचे स्नायू कामालाच लागत नाहीत, सगळं ओझं कंबर ओढतेय. गादी बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडाशी आली पाहिजे. वर करून घ्या.

म्हटलं, ते जमणार नाही. म्हणाल्या, जाम झालीय का? म्हटलं, नाही. मग? म्हटलं, ती माझ्या मिसेसच्या उंचीची आहे. म्हणाल्या, मग त्यांना वापरायची असेल तेव्हा खाली करता येईल की. म्हटलं, सध्या ती हवापालटाला गेलीय.

बाईंनी गादीचा विषय सोडून दिला. मग उताणं झोपून कंबर उचलायचा व्यायाम दिला. टेक्निक कळतं त्यांना. संसार अजून कळायचाय.

२४ फेब्रुवारी

आज ढुंगणाचे स्नायू सापडले! पंचावन्न वर्षं त्यांच्यावर बसून आहे, कधी विचारपूस केली नव्हती. फळी मागे ढकलताना एकदम कुणीतरी आतून मदतीला आल्यासारखं वाटलं. पाच-सहा वेळा नीट जमलं. मग हातांनी घोळ घातला.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. घरात तसं कुणी नाही. समोरच्या टेबलावरच्याला फोन लावला. म्हणाला, अभिनंदन, आता झोपा.

१ मार्च

मशीनवर उभं राहिलं की समोर भिंत येते. खिडकी पाठीमागे. त्या भिंतीला दुसरं काहीच नाही, एक बंद केलेलं स्विचचं भोक तेवढं. सौ. सात वर्षं रोज तासभर हे भोक बघत होती. मला कधी बोलली नाही. बोलली असती तर मशीन फिरवून दिलं असतं.

आज फिरवून ठेवलं. आता समोर खिडकी. खूश होईल.

५ मार्च

मेहुणी आणि साडू येऊन गेले. मेहुणीनं कपाटातले राहिलेले कपडे नेले. सगळेच. चांगलं आहे, कपाटाला हवा लागेल. तिनं मला विचारलं, भावजी, जेवता ना नीट? आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तिची सवयच आहे ती.

तेवढ्यात साडू मागच्या खोलीत. मशीन गाडीत बसेल का ते बघायला गेले म्हणे, आणि खिट्टी सोडून गादी पार तळाला नेऊन ठेवली. मी ओरडलोच त्यांच्यावर. असा मी कुणावर ओरडत नाही. साडू म्हणाले, अहो, परत वर होते ती, हे बघा. आणि हे बघा म्हणत कुठेही वर केली.

कुठेही!

६ मार्च

दांडीला खुणा नाहीत. गादी नक्की कुठे होती ते मला सांगता येईना. माझ्या मांडीशी, पण मांडी काय छोटी असते? मग म्हटलं सौ.ची कंबर जिथे येते तिथे लावू. कुठे येते? डोळे मिटून तिला शेजारी उभी केली. माझ्या खांद्याला लागते. की कानाला? लग्नाचा फोटो काढला, तर त्यात ती एक पायरी वर.

तेवीस वर्षं ही बाई माझ्या घरात वावरली आणि तिची कंबर कुठे येते ते मला माहीत नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा ॲप्रन राहिला होता. तो मशीनच्या फळ्यांवर उभा धरला. नाडी जिथे बांधते ती कंबर, असा हिशेब. पण ॲप्रन कुठे धरायचा ते तिच्या खांद्यांवर अवलंबून, आणि खांदे कुठे? बराच वेळ वर-खाली करत होतो. समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता बघत राहिली. मीच मशीन खिडकीकडे फिरवलं होतं.

शेवटी अंदाजानं लावली. मग ॲप्रन हातात घेऊन फळीवर बसलो आणि रडलो. पाठीच्या दुखण्यात असं होतं, वाचलं होतं कुठेतरी.

१५ मार्च

जमलं. पाय ढकलतोय, उलटा हात येतोय, पोट आवळलेलं, मनगट सरळ. मध्ये मध्ये मोजायचंही विसरतो. सौ. या वेळी इथे हवी होती. हे मी नुसतं टेक्निकबद्दल म्हणत नाही.

घर फार मोठं झालंय. टीव्ही लावला की उलट जास्त कळतं.

२० मार्च

फोन केला. रोलर दुरुस्त झाला म्हटलं. सौ. म्हणाली, रविवारी सकाळी येते. एकटीच. मलाही बोलायचं होतं म्हणाली.

एकटीच! साडू नाही, गाडी नाही. गाडीशिवाय मशीन नेणार कसं? नेणारच नाही. हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

दोन नवे टॉवेल. चादर बदलली. तिच्या बाजूला उशी नाही, सोफ्यावरची ठेवली.

२३ मार्च, सकाळी

अडचण. मी मशीनवर असणार तर दार कोण उघडणार? दार नुसतं लोटून ठेवतो. साडेनवापासून हळूहळू सुरू. ती दहापर्यंत येईल. ती आत येईल तेव्हा मी ऐन भरात असेन.

२३ मार्च, दुपारी

नीट आठवून लिहितो.

ती पावणेअकराला आली. मी तोपर्यंत थांबलो नव्हतो, कारण थांबलो आणि नेमकी तेव्हाच आली तर. शर्ट पिळून निघत होता. पण टेक्निक ढळू दिलं नाही. ती खोलीच्या दारात उभी राहिलेली मला जाणवली. नजर समोर ठेवायची असते म्हणून मी वळलो नाही. ती काहीतरी बोलली. मशीनच्या आवाजात कळलं नाही. मी मान हलवली आणि चालू ठेवलं. तिला पूर्ण बघू दे म्हटलं. ती पुन्हा काहीतरी बोलली. मग थोड्या वेळानं मी डौलात थांबलो आणि वळलो, तर दारात कुणी नाही.

ती बाहेर खुर्चीच्या कडेवर बसली होती. दुसऱ्याच्या घरी बसतात तशी. पर्स मांडीवर.

म्हणाली, छान करता. मला असं कधीच आलं नाही. मी नुसती पाय सरकवायची, ढकलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, शिकवतो ना. अगदी सोपं आहे. ढकलताना ढुंगणाचे स्नायू. ती हसली. मला वाटलं, आलं जमत.

मग म्हणाली, मशीन नको. तुम्हीच ठेवा. मी खोली घेतलीय, बहिणीच्या घरापासून जवळच. त्यात ते मावायचंही नाही. आणि मला व्यायामाची आवड कधीच नव्हती.

मी म्हटलं, सात वर्षं? रोज? ती म्हणाली, त्या मशीनवर असले की तुम्ही मला हाक मारत नव्हता. रिमोट कुठाय, चष्मा कुठाय, पाणी आण, कुणाचा फोन होता, काही नाही. दमायची, पाय भरून यायचे, पण तो तास माझा असायचा. आता दिवसभर कुणी हाक मारत नाही. मशीन घेऊन काय करू?

मी म्हटलं, मला सांगायचंस ना. मी ऐकलं असतं. ती म्हणाली, सांगितलं होतं. रागानं म्हणाली नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं. आत्तासुद्धा दारात उभं राहून सांगत होते, म्हणाली.

मी गादीचं सांगितलं. तुझ्या उंचीची तशीच ठेवली होती म्हटलं, मी वाकून करत होतो, पाठ गेली माझी. साडूंचा पराक्रम सांगितला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभर वाटलं, उठेल, आत येईल. पण ती म्हणाली, ती गादी मी कधी लावलीच नव्हती हो. जिममधून आली तशीच होती.

मग उठली. पाठीला शेक घ्या म्हणाली. दार उघडंच होतं.

२४ मार्च

रजा टाकली. व्यायाम नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत गेलो. दार लोटून घेतलं आणि तासभर बसलो. कुणी हाक मारली नाही.