लिटर भागिले मिनिट

ती. स्व. दादांस,

लांबूनच नमस्कार (जवळ येऊन करण्याची सध्या हिंमत नाही). वहिनींचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे आई अंथरुणातच, आवाज मात्र खणखणीत. तुमच्या बहिणीच्या कंबरेचं हाड तिकडे कितपत जुळलं, हे विचारायचं तोंड मला उरलेलं नाही, तरी विचारतो.

तिने तुम्हाला काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून माझी बाजू लिहितो. न्हाणीघराचा पाइप गंजला होता. प्लंबर त्याच मापाचा आणायला निघाला, तर मी अडवलं. पाणीखात्यात अख्ख्या वस्त्यांचे प्रवाह काढणाऱ्याला घरचा एक नळ म्हणजे किस झाड की पत्ती. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तेव्हा पाइप बारीक घेतला की वेग वाढणार, हे मी त्याला आकडे मांडून पटवलं. (अंगठा फक्त टोकाला असतो, मी अख्खा पाइपच बारीक केला. याच चुकीवरून कचेरीत मी दोघांना झापलेलं आहे.)

दुसऱ्या दिवशी तुमच्या बहिणीने आईला खुर्चीत बसवून न्हाणीत नेलं, अंगाला साबण लावला, आणि नळाने करंगळीएवढी धार धरली. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच, त्यामुळे पाण्याला जोरही बेताचा. आई कुडकुडत होती. मी आईकडे पाठ करून, घड्याळ घेऊन बादली किती वेळात भरते ते बघत बसलो, कारण लिटर भागिले मिनिट केल्याशिवाय प्रवाह कळत नाही. तुमची बहीण एवढंच म्हणाली, "तुम्ही मोजा, मी आणते," आणि दुसरी बादली घेऊन तळमजल्यावरच्या नळावर गेली. भरल्या बादलीसकट ती जिन्यात पडली तेव्हा माझा भागाकार चालला होता. उत्तर बरोबर आलं. त्याचं आता काय करू, ते कळत नाही.

आपला,
(आपण म्हणाल तर) मेहुणा

ता. क. जाड पाइप बसवला. बादली बघता बघता भरते. तिला सांगा, किंवा नका सांगू.

पुन्हा ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. आई माझ्या हातून अंघोळ करून घेत नाही. मी मुलगा, तिला लाज वाटते; चादर घट्ट धरून भिंतीकडे तोंड करते. पगारी बाईलाही हात लावू देत नाही. पाठीची कातडी सोलवटायला लागली आहे. सुनेने सांगितलं तर ऐकेल. माझा फोन तुमची बहीण घेत नाही, म्हणून तुमचा फोन तुम्ही तिच्या कानाला धरा, मी माझा आईच्या कानाला धरतो. मधे मी एक शब्द बोलणार नाही.