लिफ्ट बंद, विचार चालू

३ मे, सकाळ
आजपासून आयुष्याला दिशा. काल आमच्या बँकेत ऊर्जा-जागृतीवर व्याख्यान झालं. वक्ता बेताचा, पण मुद्दा पटला : बदलाची सुरुवात घरापासून करावी. आपलं घर लहान आहे. मी सोसायटीपासून करणार. आधी डिंडोली, मग बमरोली, मग सबंध सुरत. पदाची हाव नाही. लोक 'ऊर्जादूत अरविंदभाई' म्हणाले तरी पुरे.
बायकोला, अलकाला, सांगितलं. ती शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, "आधी बाथरूमचा दिवा घालवून या." दृष्टी छोटी. मास्तरकीत होतं असं.

५ मे
पुष्कळ विचारांती शत्रू सापडला : लिफ्ट. रोज संध्याकाळी आठ ते नऊ बंद ठेवायची. घोषवाक्यही सुचलं : 'लिफ्ट बंद, विचार चालू.' आपण पहिल्या मजल्यावर राहतो हा निव्वळ योगायोग.
बेडरूमचा एसी अभियानात धरलेला नाही. घामाघूम माणसाला घोषवाक्यं सुचत नाहीत.

७ मे
सोसायटीची मीटिंग. आमचे अध्यक्ष लोटूभाऊ, धुळ्याकडचे, लूमच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यांची बायको सुंदरावहिनी पाचव्या मजल्यावरून खास भांडायला उतरली. "भाऊ, तुम्ही ते पहिला माळावर ऱ्हातस!" मी शांतपणे सांगितलं, मोठ्या कार्यात मजला बघत नाहीत. लोटूभाऊ म्हणाले, "करी पाहू आठ दिन." त्यांच्या डोळ्यांत श्रद्धा होती. किंवा झोप. नाइट शिफ्ट असते त्यांना.

८ मे, रात्री ९.१५
आठ वाजता लिफ्ट बंद. आठ वाजून गेले नाहीत तोच आमची बेल. सुंदरावहिनी, डोक्यावर दळणाचा डबा. "दम लागना, वं अलकाताई." बसल्या. मग चौथ्या मजल्यावरच्या दोघी बसल्या. तळमजल्याच्या उषाबाईंना जिना चढायचाच नव्हता, पण गर्दी कसली ते बघायला चढल्या.
मी चटकन बेडरूमचं दार ओढून घेतलं. उषाबाईंनी दाराच्या फटीपाशी पाय सरकवले. म्हणाल्या, "इथे गार लागतंय हो." म्हटलं, घराला क्रॉस व्हेंटिलेशन आहे. पटलं त्यांना. शब्द मोठा असला की पटतो.

११ मे
रोज आठला घरात सभा भरते. चहा, पाणी, हसणं. मला बेडरूममध्ये जाता येत नाही, कारण दार उघडावं लागतं.
आज अलकाने सुचवलं, इथे कोंबून बसण्यापेक्षा तासभर सगळ्यांनी घरातली वीज बंद करावी आणि खाली अंगणात बसावं. लिफ्ट मात्र चालू राहू दे, दुखऱ्या गुडघ्यांनी काय पाप केलंय? सगळ्यांनी लगेच हो म्हटलं.
मूळ कल्पना माझीच. मी फक्त बोललो नव्हतो.

१४ मे
उद्या पहिला 'अंधाराचा तास'. उद्घाटनाचं भाषण मी करणार असं मी ठरवलंय. एसी चालू ठेवूनच उतरेन. भाषणानंतर वक्त्याला थंड खोली लागते. पडदे ओढले की आतलं काही दिसत नाही.

१५ मे, रात्री ९.३०
सगळी सोसायटी खाली. दिवे, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर, सगळं बंद. डिंडोलीत एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. भाषणाचं पहिलं वाक्य : "बंधुभगिनींनो, या शांततेला कान द्या."
दिला.
घूंऽऽऽ.
उषाबाईंच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली, "हाऊ कसाना आवाज शे?" म्हटलं, रस्त्यावर ट्रक उभा असेल. सुंदरावहिनी वर बघत म्हणाल्या, "ट्रक, पहिला माळावर?"
मग हसणं. लोटूभाऊ तर खुर्चीवरून पडायचे राहिले. अलका तेवढी हसली नाही. उठून वर गेली. घूं थांबलं. खाली येऊन माझ्याकडे न बघता बायकांत बसली.
उरलेलं भाषण वाचलं नाही. अंधारात कागद दिसत नव्हता. कारण पुरेसं आहे.

१६ मे
अलका म्हणाली, "एसी लावलात त्याचं काही नाही. त्या बायांना पाच-पाच माळे चढायला लावलंत आणि स्वतः गारव्यात बसलात. मला खाली तोंड दाखवायची लाज वाटते." आणि स्वयंपाकघरात गेली. भाकऱ्या आज जाड झाल्या.
उकाड्याने माणूस चिडतो. एसी लावलेला असता तर ती असं बोललीच नसती.

२० मे
संयोजकपदाचा राजीनामा दिला. लोटूभाऊंनी विचारलं, "कोणतं पद?"
बाल्कनीतून बघतो. खाली कलिंगड कापतात. अलका मध्ये बसते. जिन्यातले जुने दिवे बदलायचं ठरलं, गच्चीवर सोलर बसवायची चौकशी झाली. माझ्यावाचून अभियान कसं भरकटतं ते दिसतंच आहे.

२४ मे
मन मोठं करून खाली उतरलो. खुर्ची नव्हती. पायरीवर बसलो. उषाबाईंनी स्वतःचा हातपंखा माझ्या हातात दिला. भरून आलं. मग म्हणाल्या, "जरा इकडे घाला वारा."
घातला. नऊपर्यंत.

२ जून
बारडोलीच्या एका महिला मंडळाचं आमंत्रण : डिंडोलीच्या अंधाराच्या तासाविषयी बोला. अलकाला. मीही जाणार, मूळ प्रेरणा म्हणून. 'दोन शब्द' बोला म्हणतीलच. वीस मिनिटांची तयारी केली आहे. अलका म्हणाली, बसने जाऊ. पण बसने प्रेरणा थकते. गाडी मीच चालवीन.

७ जून, बारडोली
फाटकाशीच बायकांनी अलकाला फुलं दिली आणि आत नेलं. गाडी लावून, भांग पाडून, कागद खिशात घालून मी पोचलो तर दारात एक गृहस्थ आडवे. "बेनना ड्रायवर ने? चा पाछळ छे." आणि बोटाने इमारतीची मागची बाजू दाखवली.
मी नम्रपणे सांगितलं, मी संस्थापक.
ते म्हणाले, "सारु. संस्थापकनी चा पण पाछळ ज छे."
आतून टाळ्या ऐकू येत होत्या. चहा ठीक. साखर जास्त.