ऐंशी बाह्या

२ मार्च, सोमवार. सकाळी ९
आजपासून रोज लिहायचं. वही लेकीने दिली. देताना म्हणाली, आई, तीन दिवसांच्या वर तू काही लिहिणार नाहीस. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली म्हणून अक्षरं विसरले नाही. बघच तू.

शनिवारी नव्या हॉटेलचा मॅनेजर दुकानात आला होता. वेटर लोकांसाठी चाळीस कोट हवेत. पंचवीस तारखेला द्यायचे, अठ्ठावीसला हॉटेल उघडणार. काम आवडलं तर पुढे वर्षभर त्यांचं सगळं शिवणकाम आपल्याकडे. पडदेसुद्धा.

हे व्हायलाच पाहिजे. कारण नणंदबाई. अकरा वर्षं माझ्या दुकानात शिवताहेत आणि आता कपड्यांच्या कारखान्यातून त्यांना बोलावणं आलंय. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. मी सांगितलं, वन्सं, हॉटेलचं काम आलं की तुम्हाला कुठे जायची गरज नाही. त्या म्हणाल्या, बघू वहिनी. बघू म्हणजे हो. मी ओळखते त्यांना.

धंदा चालवायचा तर सवयी लागतात. मोबाईलवर एक सर आहेत, ते सांगतात. एकवीस दिवस केलं की सवय अंगात मुरते. मी चार निवडल्या. एक, पाचला उठायचं. दोन, दुकान उघडल्यावर पहिला तास मौन. तीन, हातातलं काम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चार, गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगायची. आम्हा शिवणाऱ्यांची तीच तर खोड, मंगळवारी या, मंगळवारी या, आणि कापड अजून पिशवीत.

३ मार्च, मंगळवार
सात वीसला उठले. पण गजर पाचला वाजला आणि तो मीच बंद केला. म्हणजे पाचला जागी होते. आजचा दिवस धरला.

४ मार्च, बुधवार
खरी तारीख सुरू. बँकेतल्या बाई पडदे शिवायला घेऊन आल्या. कधी मिळतील म्हणाल्या. मी खरं सांगितलं की मला माहीत नाही. त्या कापड उचलून चालत्या झाल्या.

वन्सं म्हणाल्या, वहिनी, खरी तारीख म्हणजे तारीख तर सांगायला हवी ना. मी म्हटलं, खोटं बोलू का?

एक गिऱ्हाईक कमी. डोकं किती शांत झालं.

६ मार्च, शुक्रवार. दुपार
नमुन्याचा कोट शिवायला घेतला. हातातलं काम संपल्याशिवाय उठायचं नाही. कॉलर अर्धी झाली आणि इस्त्री चालू राहिलीय असं वाटलं. उठले. नव्हती. मग दोऱ्यांचा खण दिसला, त्यात लाल-निळं सगळं एकात एक. अशा पसाऱ्यात मन एकाग्र होईल कुणाचं? रिळं रंगाप्रमाणे लावली. मग लक्षात आलं की खणालाच नीट तळ नाही. सुताराकडे जाऊन आले.

परत आले तोवर वन्संनी कोट पुरा केला होता. संध्याकाळी मॅनेजरने पाहिला. आतली शिवण उलटून पाहिली, बटणं ओढून पाहिली. म्हणाला, छान हात आहे. मी म्हटलं, आमच्याकडे शिस्त आहे साहेब.

९ मार्च, सोमवार
पाटी लावली. सकाळी ९ ते १० मौन. लाल खडूने, ठळक.

साडेनऊला एक गृहस्थ पँट सैल करायला आले. मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि पँट घेऊन गेले. वन्सं मागे धावल्या, त्यांना पायरीवर उभं करून हळूच माप विचारू लागल्या. ऐकू आलं मला.

दहा वाजल्यावर मी बोलले. जरा जोरात बोलले असेन, शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला. नियम केला की केला, त्या एका तासात तुमच्या तोंडून शब्द ऐकायचा नाही म्हटलं. वन्सं म्हणाल्या, बरं. कमरेचं माप खुणेने घेता येत नाही वहिनी, एवढं बोलून मशीनवर बसल्या.

खूप समजूतदार बाई आहेत.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळ
कोटाचं कापड परवा आलं. गर्द निळं. बाहेरून चकाकतं, आतून मंद. वन्सं दोन दिवस पुढचे आणि पाठीचे भागच कापताहेत. एक थर अंथरायचा चकाकी वर, त्यावर दुसरा पालटून चकाकी खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक थर हाताने सारखा करत बसायचं. मी बघता बघता चार वेळा उठले. एवढ्या वेळात तर मी लग्न करून दोन पोरं काढली असती.

बाह्या राहिल्यात. चाळीस कोट, ऐंशी बाह्या. उद्या मीच कापणार.

१३ मार्च, शुक्रवार. दुपार
उठले! पाचला! गजराच्या आधी! हे तांब्या घेऊन उभे होते, म्हणाले, कुणाला बरं नाहीये का?

सहाला दुकानात. टेबल मोकळं, रस्ता मोकळा, डोकं मोकळं. कापड अंथरायला घेतलं. वीस-वीस थरांचे चार गठ्ठे. वन्संसारखं वर-खाली, वर-खाली नाही. सगळे थर एकाच दिशेने, सगळी चकाकी वर. काय दिसत होतं! शाळेतली मुलं रांगेत उभी असावीत तसं. शिस्त डोळ्यांना दिसली पाहिजे.

नऊला वन्सं आल्या. मी बाहीचा कागद ठेवून खडूने आखत होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवलीच नाही. तोंड उघडलं. मी पाटीकडे बोट केलं. त्यांनी गठ्ठ्याचा कोपरा उचलून एक थर पालटून दाखवला. मी परत सरळ केला. मग त्यांनी आधी डावा हात पुढे केला, मग उजवा. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मला वाटलं खांदे आखडलेत. मोबाईलवरचे सरही म्हणतात, कामाआधी अंग मोकळं करावं. मीही दोन-चार वेळा हात पुढे-मागे केले.

मग त्या बोलायलाच लागल्या. मी कटर सुरू केला. त्यांनी प्लग काढला. मी लावला. त्या स्टुलावर बसल्या आणि हात मांडीवर ठेवून बघत राहिल्या.

दहाला पाच मिनिटं असताना शेवटची बाही कापली. हातातलं काम संपलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळं काम एका बैठकीत.

दहा वाजले. वन्सं म्हणाल्या, वहिनी, ऐंशीच्या ऐंशी डाव्या हाताच्या आहेत.

त्याच दिवशी, ४ वाजता
थर पालटून अंथरला की एक डावी, एक उजवी निघते. एवढंच होतं. मग तोंडाने सांगायचं ना! सांगत होते म्हणाल्या.

कापडवाल्याकडे जाऊन आले. धावतच. तो म्हणाला, ताई, तो माल संपला. पुढचा महिनाभराने येईल, आणि रंग जुळेल याची खात्री देत नाही. मी म्हटलं, धंदा करायची सवय नाही वाटतं तुम्हाला.

१४ मार्च, शनिवार
घाबरायचं नाही. उपाय शोधायचा.

उपाय पहिला. बाही उलटी करून उजव्या बाजूला लावली. कोट ह्यांना घातला. एक हात चकाकतोय, दुसरा मंद. हे आरशात बघून म्हणाले, एक हात शेजाऱ्याचा वाटतो. मी म्हटलं, हॉटेलात दिवे बारीक असतात.

उपाय दुसरा. दोन्हीकडे डावीच, सुलटी. ह्यांचा उजवा कोपर मागे वळला. ट्रे धरून बघा म्हटलं. धरला. पाठीमागे कुणी बसलं असेल तर त्याला वाढायला सोपं पडेल.

लेक पोट धरून हसली. वन्सं हसल्या नाहीत. चाळीस जणांना चालेल का हे वहिनी, एवढंच विचारलं. मी इस्त्रीची दोरी गुंडाळून ठेवली, कात्र्या पुसल्या, दार उघडलं, दार लावलं.

१६ मार्च, सोमवार. सकाळी ११
मी वन्संना बजावलं होतं की मॅनेजरला एवढ्यात कळवायचं नाही, मी सवडीने सांगते. आज सकाळी मी मौनात होते. त्यांनी माझ्यासमोर फोन उचलला आणि त्याला या म्हणाल्या. मला काही बोलता येईना. नियम माझाच.

आला तेव्हा दहा वाजून गेले होते. वन्संनी सरळ सांगितलं की आमच्याकडून बाह्या चुकल्या, कापड मिळत नाही, साहेब हे बघा. रविवारी त्यांनी घरी बसून एक बिनबाह्यांचं जाकीट केलं होतं. आत अस्तर, खिशाला पट्टी, पाठीला बक्कल. खाली पांढरा शर्ट.

मॅनेजर घालून आरशासमोर फिरला. खाली वाकला, हात वर केला. म्हणाला, अहो, हेच बरं. वेटरची बाही सतत रश्श्यात बुडते. मी लगेच म्हटलं, तेच, बाह्या नकोत असं माझ्या पहिल्यापासून मनात होतं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

आमच्याकडून चुकल्या म्हणाल्या त्या. आमच्याकडून.

१९ मार्च, गुरुवार
कारखान्यातून फोन आला. वन्सं बोलायला बाहेर फुटपाथवर गेल्या. मी काही लोकांची बोलणी ऐकणाऱ्यातली नाही. खिडकीची काच पुसायची राहिली होती. त्या म्हणाल्या, हो, एकतीसला नक्की सांगते.

नाही म्हणायचं असेल तर माणूस असंच सांगतो. एकदम तोंडावर कसं म्हणणार?

२४ मार्च, मंगळवार
एक दिवस आधी काम पुरं! चाळीस जाकिटं इस्त्री करून टांगली. शिवण वन्संची, बटणं माझी. सलग बसून लावली. मधे फक्त सहा वेळा उठले.

अकरा बटणं वन्संनी काढून परत लावली. मी बघितलं नाही असं त्यांना वाटलं.

आज सवयींचे एकवीस दिवस झालेत. पाचला उठणं एकदा. मोबाईलवरच्या सरांच्या हिशेबात एवढं चालत असेल.

२५ मार्च, बुधवार
मॅनेजर माल घेऊन गेला. वर्षाचं काम आपल्याला! सांगितलं होतं मी.

कागदावर लिहायला दुकानाचा फोन नंबर मागितला. मी माझा सांगितला. तो म्हणाला, फोन केला होता त्या बाईंचाही द्या. त्यांचा वर लिहिला, माझा खाली. वर जागा होती म्हणून.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळ
दुकान बंद करताना विचारलं एकदाचं. म्हटलं, उद्या त्या कारखानावाल्यांना नाही सांगून टाका.

वन्सं टेप गुंडाळत होत्या. म्हणाल्या, वहिनी, मी जाणार आहे.

मी म्हटलं, तिथे कोण बसलंय तुम्हाला ओवाळायला? ओरडतीलच. त्या म्हणाल्या, ओरडतील. पण कापायच्या आधी मला विचारतील.

मी पाणी प्यायले. परत बसले. परत उठून पाणी प्यायले. अकरा वर्षांत काय कमी केलं म्हणणार होते, पण अकरा वर्षांत मी त्यांना काय विचारलं तेच आठवू लागले. सकाळचा चहा घेणार का, हे विचारते. रोज नाही.

वन्सं चप्पल घालेपर्यंत मी काही बोलले नाही. मौनाचा तास तर सकाळीच संपला होता.

३१ मार्च, मंगळवार. सकाळी ८
त्यांच्या दारात जाऊन आले. पायरीवरच उभी राहिले. म्हटलं, थांबायला काय लागेल ते सांगा. मला मनधरणी करता येत नाही, मला विचारतासुद्धा नीट येत नाही, तुम्हीच सांगा.

त्यांच्याकडे सगळं तयार होतं. एका रात्रीत नाही, वर्षभरापासून तयार असावं. कापणं त्या करणार. तारखा त्या देणार. गिऱ्हाइकाशी त्या बोलणार. कामाला कोण घ्यायचं ते त्या ठरवणार. मौनाची पाटी निघणार. मी पुढे टेबलापाशी बसायचं, बटणं लावायची, आलेल्याला बसवायचं. कटरला हात लावायचा नाही.

मी म्हटलं, आणि दुकान कुणाचं? त्या म्हणाल्या, दुकानाच्या पाटीवर तुमचंच नाव राहू दे, मला पाटीचं काही नाही.

हो म्हटलं. पटकन. त्या कारखान्याला फोन करेपर्यंत पायरीवरून हलले नाही.

खरं म्हणजे हा माझाच डाव. मोठ्या मालकांची हीच सवय असते, कामं वाटून द्यायची. मोबाईलवरचे सरही म्हणतात.

६ एप्रिल, सोमवार
दिवसभर दुकानात गर्दी. बँकेतल्या बाई पडदे घेऊन परत आल्या. वन्संनी तारीख दिली, गुरुवार. मी बटणं लावली, चौदा. एकही परत काढावं लागलं नाही.

दुपारी हॉटेलच्या स्टोअरमधला नवा माणूस आला, नॅपकिनांची मापं घेऊन. मला ओळखत नव्हता. म्हणाला, मावशी, मालकीणबाई आहेत का?

मी म्हटलं, आत आहेत, कापताहेत. बसा.