नवमीची सवाष्ण

८ सप्टेंबर २०२५, एजवेअर

सापडले! लंडनमधल्या क्यूच्या सरकारी आर्काइव्हमध्ये, तिसऱ्या खेपेला. आजोबांचं नाव टाइप केलेलं — पद्माकर. लष्करी इस्पितळात कंपाउंडर, सिंगापूरला जपान्यांच्या हाती लागले, तिथून जहाजात कोंबून न्यू गिनीला. बरोबरच्या एका कैद्याने सुटल्यावर दिलेली जबानी आहे. मी डॉक्टर, मरणं रोज बघते, तरी दोन पानं वाचायला तास लागला.

वरून बॉम्ब, खाली उपासमार. सुजलेल्या पायांनी तांदळाची पोती वाहायची आणि स्वतः गवत शिजवून खायचं. मे १९४४. आजोबा पोत्याखाली कोसळले, उठवेना. गार्डने तिथेच संगीन खुपसली. पुरायचीसुद्धा ताकद आमच्यात नव्हती, म्हणतो तो. हजारोंनी नेलेली आपली माणसं, परत आली शे-दोनशे. आणि आम्हाला वाटायचं, ती लढाई अमेरिका-जपानची!

९ सप्टेंबर

अतुलला मँचेस्टरला फोन केला. म्हणे, बाबांना अजिबात सांगू नकोस, त्यांच्या हार्टची कंडिशन बघ. धाकटा भाऊ मला हार्ट शिकवतोय! इथे बाबांना आंघोळ कोण घालतं?

११ सप्टेंबर

हार्टचं नाहीच. नवमीचं आहे.

आजी अठ्ठ्याऐंशी साली गेली ती सवाष्ण म्हणून. हिरवं लुगडं, मळवट, ओटी. आजोबा बेपत्ता, म्हणून बारा वर्षांनी घरच्यांनी त्यांचे विधी उरकायचं काढलं, तर आजी भरल्या ताटावरून उठली म्हणतात. मग कुणी विषय काढला नाही. ती गेल्यापासून बाबा दर पितृपक्षात तिची अविधवा नवमी करतात, सवाष्ण जेवायला बोलावून. वडील गेले की नवमी बंद, असं आमच्याकडे. म्हणजे नवमी चालू तोवर आजोबा जिवंत! एकशे सहा वर्षांचे!

हा कागद दाखवला तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचे वडील आणि आईचं कुंकू, दोन्ही एका दमात जाणार. न दाखवावा तर आजोबांना ओंजळभर पाणी नाही. ते देऊ शकणारा एकच मुलगा, आणि तोही आता किती दिवस?

१३ सप्टेंबर

नाही सांगितलं.

१५ सप्टेंबर

नवमी. रजा टाकून पुरण वाटलं. सवाष्ण शेजारची वरदा. मी घटस्फोटित, मी चालत नाही. रांधायला चालते! पानावर बसायच्या आधी बाबा काठी टाकून तिच्यासमोर वाकले. ती बिचारी अवघडली, अहो काका नका ना, म्हणत राहिली. प्रिंटआउट माझ्या ऑफिस बॅगेत.

१८ सप्टेंबर

सकाळी धाप. ऑक्सिजन ऐंशीच्या घरात. हॉस्पिटल नको म्हणाले. याचा अर्थ काय, हे मी रोज दुसऱ्यांच्या मुलांना सांगते. किचनमध्ये जाऊन भरपूर रडले. आजोबांना पाणी न देता बाबा गेले तर मला ते आयुष्यभर खाईल. परवा सांगणार. अतुल गेला उडत.

२० सप्टेंबर

घातचतुर्दशी. शस्त्राने गेलेल्यांचा दिवस. सगळं वाचून दाखवलं, संगीनसुद्धा. बाबा म्हणाले, "एवढं सगळं नव्हतं सांगितलं त्याने."

कोणी, बाबा?

शेहेचाळीस साली एक सुटलेला कैदी निरोप घेऊन दारात आला होता. आजीच्या सासूबाई देवळात गेलेल्या. आपल्या विधवा थोरल्या जाऊबाईंना आलवण नेसवून, केस काढून मागच्या खोलीत बसवलेलं आजी रोज बघत होती. तिने त्याला चहा दिला, हात जोडले आणि आल्या वाटेने परत पाठवलं. मग पाच वर्षांच्या बाबांना मांडीवर घेऊन म्हणाली, "कोणी आलं नव्हतं हं."

"तिला शब्द दिला होता गं," म्हणाले. आणि तीळ मागितले.