चौथं सिलिंडर आणि इंजिनाचा पत्रा

अण्णा, आज लातूरला मी एका विमानाचं इंजिन खोलू दिलं नाही, आणि माझंच खरं निघालं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण अशी खुशी सांगायला दुसरं माणूस मला अजून सापडलेलं नाही.

शिकाऊ पायलटांचं छोटं विमान, इंजिन चार सिलिंडरचं. तीन गुण्यागोविंदानं चाललेली आणि चौथं रोज तापायचं. मी शेजारच्या सिलिंडरचा ताप मोजायचा सेन्सर त्याला लावून पाहिला, तरी ताप चौथ्यालाच. हँगरचे साहेब म्हणाले, सिलिंडरच बदला, दुरुस्तीच्या कागदावर सही कर. मी करेना. चुकलीस तर सहीचा अधिकार विसर, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

तेव्हा मला नायगावच्या शिवारातली ती दुपार आठवली. विहिरीवरचं डिझेल इंजिन जाम झालंय, ते दुरुस्त करायला तुम्ही मलाही सोबत नेलंय. ऊन फार, इंजिनाला वारं लागावं म्हणून मालकानं भोवतीचा पत्रा काढून ठेवलाय. मला ते शहाणपणाचं वाटतं, तसं मी बोलूनही दाखवते. तुम्ही मालकाला सोडून माझ्यावरच चिडता.

"मोकळं सोडलेलं वारं कामाला लागत न्हाई, पोरी. त्याला वाट करून द्यावी लागती. खोलायच्या आधी वारं कुठून जाऊन राहिलं ते बघ."

विमानाच्या इंजिनालाही तसाच पत्रा असतो, अण्णा, आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी. वरचं झाकण काढलं की पट्टी नीट उभी दिसायची, म्हणून दोष कुणाला दिसेना. मी झाकण लावून घेतलं आणि पुढच्या भोकातून बॅटरी मारली. चौथ्याजवळ पट्टी उलटी दुमडलेली होती. वारं सिलिंडरला न शिवताच वरून निसटत होतं. पट्टी बदलून विमान वर पाठवलं, तर चारही सिलिंडरच्या तापाचे आकडे जवळजवळ सारखे आले. मी हातात पाना धरून हँगरमध्ये चक्क नाचले. मला लई, लई आनंद झाला.

साहेब मोठ्या मनानं हसले आणि हे कुठं शिकलीस म्हणून विचारलं. सगळे ऐकत होते. मी म्हणाले, "कोर्सला."

पंपाच्या मिस्त्रीची पोर म्हणवून घ्यायला जिंकल्यावरसुद्धा माझी जीभ रेटली नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही तेच बरं. पाठवायचं असतं, तर एवढं मी लिहिलंच नसतं.