यंत्राची शिकवणी

३ फेब्रुवारी, सोमवार
लागली एकदाची नोकरी. भोरला एसटी स्टँडजवळ सल्लागार कंपनीचं ऑफिस, मागच्याच गल्लीत खोली. पालीत आई एकटी, म्हणून रोज संध्याकाळी फोन करायचा असं आमचं ठरलंय. कंपनी शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं देणारं यंत्र बनवते. आमचे श्रीपाद सर म्हणाले, कॉम्प्युटरचं सगळं इथंच काम करता करता शिकायचं आणि आपल्याला जे येतं ते हेडफोन लावून यंत्राला सांगायचं. बडबडीचा पगार मिळणार म्हटल्यावर मला काय हवंय आणखी.

७ फेब्रुवारी
तक्ते, आलेख, अर्ज टाईप करणं, सगळं पटापट जमलं. यंत्रालाही समजावून दिलं. ते आता चक्क माझ्या आवाजात बोलतं. विंझरच्या आनंदरावांना त्यानं हरभऱ्यावरच्या अळीचं औषध सांगितलं. पोरगी लई गुणाची हाय, असं ते म्हणाले. मीच लाजले.

१२ फेब्रुवारी
सकाळी तक्ता उघडला आणि पुढं काय करायचं ते आठवेना. जे यंत्राला शिकवलं, तेवढंच गेलंय. सर म्हणाले, सगळ्यांचंच होतं, यंत्राला येतंय ना, मग झालं. मला वाईट वाटलं नाही. याचंच नवल वाटलं.

१८ फेब्रुवारी
शिकवलेलं असंच जात राहणार, म्हणून राजीनामा लिहायला बसले. अर्ज कसा लिहितात तेच आठवेना. तेही मीच शिकवलं होतं. यंत्राला आता घरगुती बोलणं हवंय. आईशी कशी बोलतेस ते सांग, असं सर म्हणाले. दोन तास सांगितलं.

२१ फेब्रुवारी
आईचा फोन आला. काल माझ्याशी तासभर बोलून तिला बरं वाटलं म्हणे. काल मी फोन केलाच नव्हता. तिला काय विचारायचं ते सुचेना, नुसतं हं हं केलं. भीती वाटायला हवी होती —

२४ फेब्रुवारी
आईबद्दल उरलंसुरलं सगळं सांगून टाकलं. हलकं वाटतंय. रिकामं.

२५ फेब्रुवारी
ऑफिसात एक बाई आली. पालीहून. हातात डबा. चेहरा ओळखीचा नाही. माझा हात धरून म्हणाली, "आगं प्रेरणा, म्या हाय की. आसं काय बगतीस?"
तिचा मोबाईल वाजला. तिनं उचलला, तर आत माझा आवाज. गुडघा दुखतोय का गं, असं विचारत होता.
बाईनं माझा हात सोडला. "न्हाई गं बाय, आता बरं हाय," म्हणाली. रडत, बोलत, जिना उतरून गेली.
ती जायला नको. हाक मारायला हवी. हिला काय म्हणून हाक मारायची, ते —